‘त्याचा बाबाही असाच होता’

‘त्याचा बाबाही लहानपणी असाच होता. चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. आता बघा, स्वतःचं वर्कशॉप आहे.’ दुसरीतल्या नातवाच्या वहीवर लाल शाईचे शेरे वाढायला लागले, की मराठी घरातली आजी किंवा आजोबा हे वाक्य हमखास बोलतात. त्यात माया असते. सुनेच्या जिवाला लागलेला घोर जरा हलका करावा, अशी इच्छा असते. आणि बहुतेक वेळा ते अक्षरशः खरंही असतं. पण ते बोललं जातं विषय मिटवण्यासाठी, आणि तिथेच मुलाची दोन-तीन मोलाची वर्षं निसटतात. वाचायला शिकण्यातल्या या अडचणीबद्दल, म्हणजे डिस्लेक्सियाबद्दल, आज जे कळलं आहे ते पाहता, चौकशी याच वाक्यापासून सुरू व्हायला हवी.

डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. आईला किंवा वडिलांना तो असेल, तर मुलात तो येण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्के धरली जाते. २०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांचा जनुकीय आराखडा तपासला गेला आणि त्याच्याशी संबंधित ४२ जागा सापडल्या. म्हणजे या सगळ्याला कारण असलेलं एखादंच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि म्हणूनच एकाच घरात एकाला जास्त, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला अजिबात नाही असं दिसतं. पण ही जनुकं तपासून सहा वर्षांच्या मुलाचं निदान होत नाही. तिथे तज्ज्ञ विचारतात तो साधा प्रश्न: घरात आणखी कुणाला वाचायला त्रास व्हायचा का? त्याचं खरं उत्तर अनेकदा फक्त आजी-आजोबांकडे असतं. मुलाच्या बाबाला स्वतःची पहिली-दुसरी नीट आठवत नाही. आठवली तरी ती सांगायला त्याला नको वाटतं.

घराण्याचा हा धागा डॉक्टरांच्या लक्षात येऊनही शंभराहून जास्त वर्षं झाली. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे, गणितात ठीक. सात वर्षं शिकवण्या लावूनही छोटे छोटे शब्द त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहिताना तो ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ करायचा आणि चूक त्याच्या लक्षातही यायची नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. पुढे अकरा वर्षांनी, १९०७ मध्ये, ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची अशीच हकिकत मांडली. डोळे चांगले, बुद्धी चांगली, शब्द मात्र लागत नाहीत. आणि तेही एकाच छपराखाली चौघांना.

डोळ्यांचे डॉक्टर या मुलांकडे सुरुवातीलाच वळले, कारण दोष डोळ्यांत असावा असंच सगळ्यांना वाटत होतं. आजही पुष्कळांना तसंच वाटतं. अक्षरं उलटी दिसतात, नाचतात, ही समजूत २००७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटानंतर अधिकच घट्ट झाली. त्या चित्रपटाने मोठं काम केलं. त्याआधी ज्या घरांत हा विषय निघतही नव्हता, तिथे तो जेवणाच्या ताटावर बोलला जाऊ लागला. मात्र डिस्लेक्सियाचं मूळ प्रामुख्याने कानावर पडलेल्या भाषेच्या मेंदूतल्या हाताळणीत आहे. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणं, ते ध्वनी क्रमाने लक्षात ठेवणं आणि त्यांना पटकन अक्षराशी जोडणं, हे काम या मुलांना जड जातं. अक्षर उलटं काढणं सहा-सात वर्षांपर्यंत कित्येक मुलांत आढळतं आणि पुढे आपोआप जातं. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे जाहीर केलं. नातवासाठी पेन्शनमधून असल्या उपचारांवर पैसे घालवण्याआधी आजोबांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. चष्म्याचा नंबर आणि कान जरूर तपासावेत. ती तपासणी हवीच.

आता मराठीकडे. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तेव्हा मराठी वाचणाऱ्या मुलांना हा त्रास कसा होईल, असा प्रश्न शिक्षकही विचारतात. इंग्रजीच्या तुलनेत देवनागरी सरळ आहे हे खरं. पण ती सोपी नाही. बाराखडीचा पूर्ण तक्ता मांडला तर चारशेच्या वर अक्षररूपं होतात, आणि जोडाक्षरं त्यापलीकडे. आपल्यासारखीच रचना असलेल्या कन्नड लिपीवर बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी जे काम केलं आहे, त्यातून दिसतं की इंग्रजी मुळाक्षरांसारखी ही अक्षरं एका वर्षात आटपत नाहीत. ती पक्की व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं जातात. ज्याला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणंच कठीण, त्याच्यासाठी ही वाट किती लांबत असेल याचा अंदाज यावरून येतो.

‘किती’ हा शब्द घ्या. तोंड आधी ‘क’ म्हणतं, हात मात्र आधी वेलांटी काढतो. ‘सूर्य’मधला ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी येतो आणि कागदावर ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. हाच ‘र’ ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या खाली टोपीसारखा जातो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये आडवा पडतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’मध्ये मूळची अक्षरं शोधूनही दिसत नाहीत. भरीला घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व, ट-ठ-ढ अशी सारख्या चेहऱ्याची भावंडं. बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांत यातून पार होतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल तिसरी-चौथीतही तिथेच अडखळत राहतं. काना-मात्रा गळतात, अनुस्वार भलत्या अक्षरावर पडतो, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. ‘पाऊल’ असतं तिथे ते ‘पाऊस’ वाचून मोकळं होतं, कारण पहिल्या दोन अक्षरांवरून अंदाज बांधणं त्याला वाचण्यापेक्षा सोपं जातं.

मराठीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती घरच्यांना हमखास चकवते. इंग्रजीत मूल शब्द चुकीचा वाचतं, मराठीत पुष्कळदा ते बरोबर वाचतं, पण फार सावकाश. अक्षर अक्षर लावत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. चुका फारशा नसल्यामुळे ‘येतंय की वाचता, फक्त आळस’ असा निकाल लागतो. त्या आळसामागे मुलाने उपसलेले कष्ट कुणी मोजत नाही.

पाठांतराची चलाखीही अशीच. पहिली-दुसरीचे धडे छोटे, आजी रोज मोठ्याने म्हणून घेते, मुलाचा कान चांगला. दहा दिवसांत अख्खा धडा तोंडपाठ. पुस्तक समोर धरून, चित्र पाहून, तो घडाघडा ‘वाचतो’. आजोबा खूश. मग मधल्याच एखाद्या ओळीतल्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारलं, की मूल गप्प होतं किंवा धडा पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येतं. घरच्या घरी करता येणारी ही फार चांगली पारख आहे. एकदा असं झालं तर घाबरू नये. पण महिनोन्महिने असंच होत असेल, तर लक्ष द्यायला हवं.

आकड्यांचंही तसंच आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३१ लिहितं, तेव्हा त्याच्या चुकीतही एक तर्क असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत जुन्या पद्धतीसोबत दिली गेली आणि राज्यभर गदारोळ झाला, अगदी विधिमंडळापर्यंत. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. त्या वादात मराठीच्या अभिमानाची चर्चा भरपूर झाली. वर्गात मागच्या बाकावर बसून ‘त्र्याहत्तर’शी झगडणाऱ्या मुलाची फारच कमी झाली.

काही खुणा शाळेच्याही आधी दिसतात, आणि त्या दिसण्याची जागा म्हणजे आजीची मांडी. बोलायला उशीर. ‘टमाटर’चं ‘मटाटर’ पाच वर्षांनंतरही तसंच. ओळखीच्या वस्तूचं नाव ऐन वेळी न आठवणं, आणि मग ‘ते हे असतं ना’ म्हणून हातवारे. आठवड्याचे वार क्रमाने न येणं. आणि बडबडगीतातलं यमक न पकडता येणं. या शेवटच्या खुणेला विशेष महत्त्व आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या, अजून वाचायला न शिकलेल्या सुमारे चारशे मुलांना त्यांनी सारख्या आणि वेगळ्या आवाजाचे शब्द ओळखायला दिले आणि पुढे काही वर्षं त्यांचा माग घेतला. ज्यांचा कान यमकाला तयार होता, ती मुलं पुढे वाचनात पुढे राहिली. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यापैकी काहींना ध्वनींचा सराव दिला, तेव्हा त्यांचंही वाचन सुधारलं. आणि ध्वनीसोबत अक्षरंही हाताळायला दिली तेव्हा सर्वांत जास्त.

हे वाचल्यावर आपल्या घरातल्या खेळांकडे नव्याने पाहावंसं वाटतं. भेंड्या खेळताना शब्दाचं शेवटचं अक्षर सुटं करून पकडावं लागतं. च-ची भाषा गावोगावी वेगवेगळ्या नियमांनी चालते. एका रीतीत शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा, म्हणजे ‘कमळ’चं ‘चमळक’. शब्द तोडून त्याचे ध्वनी इकडून तिकडे हलवण्याचा हा अव्वल सराव आहे, आणि उपचारात्मक शिक्षणाच्या वर्गात विशेष शिक्षक याच जातीचे खेळ घेतात. ज्या आजीला च-ची भाषा येते तिच्याकडे असं काही आहे, जे महागड्या अॅपमध्ये क्वचितच सापडतं. नातवाला ती लगेच जमली नाही तर मात्र हसू नये, आणि धाकट्या भावाला आधी जमली तर तसं बोलून दाखवू नये.

नातीकडे जरा जास्त बारकाईने पाहायला हवं. अमेरिकेत सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं, की शाळा ज्यांना वाचनाची अडचण आहे म्हणून पुढे पाठवतात त्यांत मुलगे कितीतरी जास्त असतात. पण सरसकट सगळ्यांची चाचणी घेतली तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक उरला नाही. मुलगा वर्गात दंगा करतो, म्हणून दिसतो. मुलगी मान खाली घालून शेजारणीच्या वहीतलं उतरवून घेते.

पण वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. शालेय शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या सगळ्यांच्या मेंदूची जडणघडण वेगळी आहे असं नाही. त्यांना नीट शिकवलंच गेलं नाही, कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्या. डिस्लेक्सियाचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत ५ ते १० टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते चार मुलं. फरक ओळखायचा तो असा, की इतरांना पुरणारं चांगलं, नियमित शिकवणं मिळूनही प्रगती खुंटलेली राहते. माध्यमाचा गोंधळही असतो. मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं त्याला पाव शतक झालं, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला घरची भाषा वाचायला शिकवलेलीच नसते. फक्त इंग्रजी अडत असेल तर ते सरावाच्या अभावानेही असू शकतं. शिकवलेल्या दोन्ही लिप्या अडत असतील, तर संशय बळावतो. म्हणूनच हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये तयार झालेल्या ‘डाली’ या चाचणीसंचाला महत्त्व आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असलेला हा संच सुरुवातीलाच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आला.

महाराष्ट्राने या बाबतीत लवकर पाऊल उचललं. १९९६ मध्ये राज्य शासनाने दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा मुलांना सवलती दिल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, गणितात कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय असं त्या सवलतींचं स्वरूप आहे. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतून तपासणी होऊन प्रमाणपत्रं मिळत आली आहेत. तपासणीत बुद्धिमापनही असतं, आणि घरच्यांना त्याची धास्ती वाटते. ते घेतलं जातं ते मुलाची बुद्धी शाबूत आहे हे कागदावर यावं म्हणून. देशभर वापरली जाणारी त्यातली एक चाचणी नागपुरात काम केलेल्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अशी मुलं लवकरात लवकर शोधून काढणं ही त्या कायद्याने शिक्षणसंस्थांची जबाबदारी ठरवली. २०१८ च्या जानेवारीतल्या मार्गदर्शक सूचनांनी शाळेतली प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, करायला सांगितली. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षीचं कायमचं.

या आठ वर्षांच्या अटीचा घरोघरी चुकीचा अर्थ लावला जातो. आठपर्यंत थांबायचं ते प्रमाणपत्रासाठी, मदतीसाठी नाही. टोरांटोच्या मोरीन लव्हेट आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, पहिली-दुसरीत खास शिकवणं मिळालेल्या मुलांची शब्दवाचनातली प्रगती तिसरीत ते मिळालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. ‘मोठा झाला की येईल आपोआप’ या धीराची किंमत ही आहे.

खास शिकवणं म्हणजे काय? अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेली पद्धत आजही पाया मानली जाते. एका वेळी एक ध्वनी, त्याचं चिन्ह, ते पाहणं, मोठ्याने म्हणणं, बोटाने गिरवणं, आधीचं पक्कं झाल्याखेरीज पुढे न जाणं. वाळूत किंवा रव्याच्या ताटात अक्षर गिरवणाऱ्या आपल्या जुन्या पंतोजींना यातला काही भाग ओळखीचा वाटला असता. घरी आजी ताटात रवा पसरून रोज एकच अक्षर घेऊ शकते. हे काम विशेष शिक्षकाच्या जोडीने व्हावं, त्याच्या ऐवजी नाही.

आणि काय टाळावं? चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावणं सर्वांत आधी थांबावं. जो शब्द ध्वनींत फोडताच येत नाही, तो हात दुखेपर्यंत उतरवून मनात उतरत नाही. उतरते ती वहीची भीती. ‘आइनस्टाइनही असाच होता’ हा दिलासाही नको. आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही, आणि प्रत्येक मुलात एखादा चित्रकार दडलेला असतोच असंही नाही. साधं, सामान्य मूलही मदतीला तितकंच पात्र आहे.

त्याहून जपायचं ते सुनेला. ‘नोकरीमुळे लक्ष नाही’, ‘मोबाइल दिला म्हणून’ असे बाण तिच्याकडेच जातात. डिस्लेक्सिया मोबाइलने होत नाही, आईच्या नोकरीने होत नाही. उलट, धागा स्वतःच्याच मुलाकडून आलेला असू शकतो, आणि हे मोठेपणाने कबूल करणारे आजी-आजोबा त्या घराला खूप हलकं करतात. तीन वेळा जगज्जेता ठरलेला फॉर्म्युला वनचा स्कॉटिश शर्यतपटू जॅकी स्ट्यूअर्ट याला आपल्याला डिस्लेक्सिया असल्याचं चाळिशी ओलांडल्यावर, १९८० मध्ये, मुलाची तपासणी चालू असताना कळलं. शाळेत मठ्ठ म्हणून ऐकलेल्या बोलण्यांचा अर्थ त्याला तेव्हा लागला. पुढे तो या मुलांसाठी काम करू लागला. वर्कशॉप चालवणाऱ्या बाबालाही आपल्या आईकडून ऐकायला मिळालं, की तेव्हा तू आळशी नव्हतास, आम्हाला कळत नव्हतं आणि उगाच मार खाल्लास, तर तो स्वतःच्या मुलावर ओरडणं थांबवतो आणि तपासणीला सोबत येतो.

वाचनाचा वेग मंद म्हणून कथेचा खुराक तोडू नये. मूल स्वतः वाचत नाही, त्यामुळे नवे शब्द भेटत नाहीत, शब्द कमी म्हणून वाचन आणखी अवघड होतं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र तपशिलाने मांडलं. मोठ्याने वाचून दाखवण्याने ते तुटतं. पाचवीतल्या नातवाला गोष्ट वाचून दाखवण्यात कमीपणा काही नाही. त्याला समजणारी भाषा त्याला वाचता येणाऱ्या भाषेच्या दोन-तीन वर्षं पुढे असते आणि ती तशीच पुढे राहायला हवी.

संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं दोघांनी मिळून वाचणं ही रीत घरात सहज बसते. पुस्तक मुलाने निवडायचं. ओळीखाली बोट फिरवत दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं, वेग मुलाचा. आत्मविश्वास आला की तो खुणेने आजीला थांबवतो आणि एकटा पुढे जातो. अडला तर चार-पाच सेकंद वाट पाहायची, मग शब्द सांगायचा, त्याने तो एकदा म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी सुरू करायचं. ‘काल तर आला होता’ हे वाक्य बोलायचं नाही. या मुलांना काल आलेला शब्द आज खरोखरच अडतो. पुस्तकांची अडचण नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावून मोफत ठेवल्या आहेत. नातू चौथीत असला तरी पहिल्या पातळीची गोष्ट निवडू द्यावी, आणि तीच गोष्ट आठवडाभर हवी असेल तर आठवडाभर तीच वाचावी.